शंभर चित्रांची मोजणी

तारीख ११ जून, गेल्या वर्षीची. रक्कम सात हजार रुपये. हजर चौघं: मी, माझे मिस्टर, सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून आलेल्या यमुनाबाई आणि त्यांना जीपमधून घेऊन आलेले त्यांचे भाऊ देवराम. सात हजार म्हणजे सात बायकांचे प्रत्येकी एक हजार. यमुनाबाईंनी ते माझ्या समोर टीपॉयवर ठेवले आणि म्हणाल्या, "मोजून घ्या, ताई."

मी मोजून घेतले. मोजल्याशिवाय मी काहीच घेत नाही आणि काहीच देत नाही. माझा धंदाच तो आहे.

धंदा काय, हे मला दर लग्नकार्यात कोणाला तरी समजवावं लागतं. लोक आपला माल इंटरनेटवर विकायला ठेवतात. घेणारा फोनवर काहीतरी शब्द लिहून शोधतो. विकणाऱ्याने मालाखाली लिहिलेले शब्द आणि घेणाऱ्याने शोधलेले शब्द जुळले, तर भेट होते. नाही जुळले, तर दोघं एकाच गल्लीत राहूनही एकमेकांना दिसत नाहीत. हे शब्द हुडकून देणं आणि लोकांना त्या वस्तूबद्दल काय जाणून घ्यायचंय ते विषय काढून त्यावर चार ओळी लिहून देणं, हे माझं काम. पूर्वी मी एका टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहायची. दहा वर्षांपासून घरी बसून हे करते.

बाकीचे लोक शब्दांवरून शब्द शोधतात. मी चित्रांवरून शोधते. कारण साधं आहे. माणसाला हवी असलेली वस्तू डोळ्यांपुढे असते, तिचं नाव तोंडात नसतं. म्हणून आता चित्रावरून शोध घेणारी संकेतस्थळं निघाली आहेत. आपण वस्तूचा फोटो टाकायचा, ते तिच्यासारखी चित्रं काढून देतं. त्या चित्रांखाली लोकांनी आपापले शब्द लिहिलेले असतात आणि वर छोट्या चौकटींत आणखी शब्द सुचवलेले असतात. मी वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढते, टाकते आणि पहिली शंभर चित्रं एकेक करून बघते. वहीत रकाने आखते: वस्तू काय आहे, कुठे ठेवली आहे, कशासाठी वापरली आहे, खाली काय लिहिलं आहे. उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी. शंभर भरल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला एकही शब्द सांगत नाही.

या शंभरांनी मला बरंच नाव मिळवून दिलं. भांडी बाजारातल्या एका तांब्यापितळेच्या दुकानदारांचं काम माझं पहिलं. त्यांच्याकडे पितळेची घंगाळं पडून होती. त्यांनी खाली लिहिलं होतं, 'आंघोळीसाठी उत्तम'. मी फोटो टाकला. शंभरातल्या बावन्न चित्रांत तशा भांड्यात झाड लावलेलं, एकतीस चित्रांत पाणी भरून फुलं सोडलेली. आंघोळीचं चित्र एकही नाही. मी त्यांना सांगितलं, कुंडी लिहा, फुलांचं भांडं लिहा.

"माझ्या आजोबांच्या हातच्या घंगाळात मनीप्लांट?" ते म्हणाले.

"तुम्हाला विकायचंय की जपायचंय?"

त्यांनी चहा मागवला, तो संपवला आणि मग म्हणाले, "लिहा." दिवाळीपर्यंत घंगाळं संपली. अजून दरवर्षी ते माझ्याकडे येतात आणि दरवर्षी तोच मनीप्लांट उकरून काढतात.

दुसरे एक क्लासवाले सर होते. त्यांचा हट्ट, की माझ्या फोटोवरूनच शोध करा, चेहरा हाच माझा ब्रँड आहे. केला. त्यांच्या अंगातल्या शर्टासारखे चौकड्याचे शर्ट विकणारी चोवीस दुकानं आली. सर नाराज झाले, पण त्यांच्यामुळे मला एक कळलं. यंत्राला आपण दाखवतो ते दिसेलच असं नाही. त्याला फोटोत जे ठळक असेल ते दिसतं. तेव्हापासून पांढरी चादर हा माझा कडक नियम झाला.

तर यमुनाबाई. त्यांच्या पाड्यावरच्या सात बायका बांबूकाम करतात. सूप, टोपल्या, पाट्या. पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यांना विक्रीचं पान उघडून दिलं होतं. वर्षभरात गेल्या होत्या अकरा वस्तू, त्यातल्या पाच गुरुजींच्या नातेवाइकांनी घेतलेल्या.

"बाजारात प्लास्टिकची पाटी आली," यमुनाबाई म्हणाल्या. "आमची टोपली कोन घेतंय आता? गुरुजी म्हनले, शहरात घेत्यात. पन कशाला घेत्यात ते आमाला कळाया नको?"

देवराम दारातच उभे होते. ते म्हणाले, "ताई, सरळ सांगतो. भात आवरला की या सगळ्या दिंडोरीला जात्यात, द्राक्षाच्या छाटणीला. पोरंबाळं घेऊन बागेतच राहायचं, पार माघपतोर. शाळा बुडती. हे टोपल्यांचं जमलं तर यंदा नाय जायचं, असं ठरलंय यांचं."

"ठरलं नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "ताईंच्यावर हाय."

माझ्यावर असलेलं काम मी एवढ्या स्पष्ट शब्दांत कधी ऐकलं नव्हतं. घंगाळं विकली गेली नसती तर दुकानदार ती जपून ठेवणार होता. इथे प्रश्न होता सात बायका आणि त्यांची मुलं भाताच्या कापणीनंतर कुठे झोपतील याचा.

यमुनाबाईंनी नमुन्याला उथळ गोल टोपली आणली होती. वीण इतकी सारखी, की माझे मिस्टर ती हातात फिरवत राहिले. ते सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहेत, त्यांना कुठल्याही वस्तूतला दोष आधी दिसतो. त्या टोपलीत त्यांना काही सापडलं नाही.

मी चादर अंथरली, फोटो काढला, शंभर मोजली. एकसष्ट चित्रं हळदीच्या आणि लग्नाच्या सजावटीची: छोट्या रंगवलेल्या टोपल्या, त्यात झेंडू, त्यात बांगड्या, त्यात पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तू. चौदा भाजीफळांच्या टोपल्यांची. नऊ भिंतीवर लावलेल्या. सात दिव्यांवर उलट्या टांगलेल्या. उरलेली नऊ इकडची तिकडची. एकसष्ट म्हणजे एवढा स्पष्ट कौल मला क्वचितच मिळाला आहे. मी आठवड्याच्या आत फोन केला. "लहान टोपल्या करा, वीतभर. पिवळ्या रंगवा. हळद-सजावट, लग्न-टोपली, रिटर्न गिफ्ट हे शब्द मी लिहून देते."

"पिवळ्या?" यमुनाबाईंनी विचारलं. "बांबूला रंग कशाला?"

"लोकांना तशाच हव्यात."

भाताची लावणी झाल्यावर त्या कामाला लागल्या. थंडीत तोडून ठेवलेला बांबू होता. ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकशे चाळीस टोपल्या तयार झाल्या. पान नव्याने मांडलं, शब्द घातले, 'हळदीच्या घरच्या सजावटीच्या दहा कल्पना' असा एक लेखही मी लिहिला. तो आजही वाचला तर चांगलाच वाटतो.

एका महिन्यात चार गेल्या.

गणपती बसले होते तेव्हा फोन आला. "ताई, मुकादम आलाय. उचल देतो म्हनतो. पुढल्या बुधवारपतोर नाव सांगा म्हनतो. जायाचं का थांबायचं?" आवाजात तक्रार नव्हती. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

रात्रीच्या जेवणाला मिस्टरांना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी रेघा बघितल्या, बेरीज तपासली, बरोबर होती.

"अगं, मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण गेज तपासलं होतंस का?"

"म्हणजे?"

"शाफ्ट मोजायच्या आधी मी गेज तपासतो, म्हणजे ज्याने मोजायचं ते मापच. गेजच झिजलेलं असेल तर शंभर नग मोजून काय उपयोग? शंभरही नग सारखेच चुकीचे येतील." आणि त्यांनी स्वतःच्या फोनवर तोच टोपलीचा फोटो टाकला.

पहिल्या वीस चित्रांत तेरा घरटी. सुगरणीची, चिमणीची, लाकडी, विणलेली. यांना पक्ष्यांचा नाद आहे, फोनवर सतत पक्षीच बघतात.

माझ्या लक्षात यायला एवढं पुरे होतं. मे महिन्यात माझ्या भाचीची हळद होती आणि सजावट माझ्याकडे होती. तीन आठवडे मी त्याच संकेतस्थळावर, त्याच खात्यातून, झेंडू आणि पिवळे पडदे बघत होते, साठवत होते. त्या यंत्राला मी शिकवून ठेवलं होतं की या बाईला हळद आवडते. मग जूनमध्ये मी टोपली दाखवली, तर त्याने मला हळद दाखवली. मी शंभर चित्रं मोजली ती लोकांच्या पसंतीची नव्हती. मी माझ्याच भाचीचं लग्न मोजलं होतं.

हे मी टाळू शकले असते का? हो. नवं खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. घंगाळाच्या वेळी मी नवखी होते, खातं कोरं होतं, म्हणून मोजणी बिनचूक आली. पुढे मी पद्धतीवर विश्वास ठेवला आणि पद्धतीतल्या हत्याराकडे बघितलं नाही. एवढीच चूक, पण पिवळा रंग लावून एकशे चाळीस वेळा केलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बाहेर पडले. आता एका फोनवर शंभर नाही, पाच ठिकाणी वीस-वीस मोजायची असं ठरवलं. मिस्टरांचा फोन झाला होता. शेजारच्या शिरसाटबाईंचा घेतला, त्या नवरीचे ब्लाउज शिवतात. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे मागितला, तर तो देता देता म्हणाला, "मॅडम, टोपलीच बघा हं. हिस्ट्रीत शिरू नका." स्टँडवरच्या रिक्षावाल्या दादांनी मीटर टाकू का असं विचारून घेतलं आणि मग दिला. पाचवा वाचनालयातला संगणक, जो कोणाचाच नव्हता.

प्रत्येक ठिकाणी त्या त्या माणसाचा संसार दिसत होता. शिरसाटबाईंच्या वीसात सहा लग्नाची. रिक्षावाल्यांच्या वीसात पुढच्या काचेपाशी टांगायच्या शोभेच्या वस्तू. पण एक गोष्ट पाचही ठिकाणी होती: टोपली उलटी करून तिच्या आत दिवा. मिस्टरांकडे पाच, शिरसाटबाईंकडे सहा, औषधवाल्याकडे आठ, रिक्षात सात, वाचनालयात आठ. एकूण चौतीस. शंभरात चौतीस हा आकडा एकसष्टपेक्षा लहान आहे, पण तो पाच गेजवर आलेला होता. आणि खाली कोणीही 'टोपली' लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं बांबू लॅम्प, हँगिंग लाइट, गॅलरीतला दिवा, फार्महाउस लाइट. माझ्या पहिल्या मोजणीतही हे दिवे सात होते. मी त्यांच्या रेघा मारल्या आणि पुढे गेले होते.

मी फोन केला आणि आधी चूक सांगितली. पाल्हाळ लावला नाही. "यमुनाबाई, पिवळ्या टोपल्यांचा सल्ला माझा चुकला. मी फक्त माझ्या घरचं बघितलं होतं."

त्यांनी विचारलं, "मंग आता?"

"मोठी टोपली विणा, तुम्ही नमुन्याला आणली होती तशीच, पण जरा खोल. रंग नको. मधे बल्बच्या वायरीपुरतं भोक. उलटी टांगायची."

"उलटी." त्या हसल्या. "ताई, टोपली उलटी टांगायची शहरातली रीत आधी सांगितली असती तर रंगाचा डबा वाचला असता."

दोन दिवसांत तीन दिवे झाले. मी फोटो मागवले. पांढरी चादर, मागे काही नको, असं तीनदा बजावलं. देवरामांनी पाठवले ते फोटो दोडक्याच्या मांडवाखाली काढलेले. वर वेली, पानं, एक दोडका चक्क दिव्याच्या शेजारी लोंबतोय. मी फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, टांगाया जागा तेवढीच होती. चादरीला कशी टांगू?" सोमवार उलटला होता. मी तेच फोटो लावले. शब्द घातले. आणि लोक दिव्याबद्दल काय विचारतात ते बघून तीन छोटे लेख लिहिले: बांबूच्या दिव्यात कोणता बल्ब लावावा, गॅलरीत तो किती उंचीवर टांगावा, पावसाळ्यात बांबूला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं. शेवटच्याची माहिती यमुनाबाईंनीच सांगितली, मी फक्त लिहून घेतली.

बुधवार आला. विक्री शून्य. पान सुधारून दोन दिवसांत गिऱ्हाईक येत नसतं, हे मला माहीत होतं आणि मी ते त्यांना सांगितलंही. थांबा म्हणण्याइतका आकडा माझ्या हातात नव्हता, म्हणून मी थांबा म्हटलं नाही. सात जणींपैकी तिघींनी मुकादमाची उचल घेतली. सकरूबाई, त्यांची सून आणि जानकी. उचल घेतली की जायचंच. यमुनाबाई धरून चौघी थांबल्या.

सोमवारी, म्हणजे पाच दिवसांनी, दिंडोरीकडच्या एका बागाईतदारांचा मला फोन आला. पानावर नंबर माझा होता. त्यांनी बागेला लागून पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. "मॅडम, ते दिवे चाळीस मिळतील का?"

मी सवयीने विचारलं, "कोणता शब्द शोधून आलात?"

"शब्द कसला? आमच्या द्राक्षाच्या मांडवाचा फोटो काढून टाकला, म्हटलं याच्याखाली काय टांगता येईल बघू. तर मांडवाखाली टांगलेला तुमचा दिवा आला. वर ते घोसाळं का दोडकं होतं, ते बघून हसलो, पण पसंत पडला. मग बुरशीचं वाचलं. ते कोणी लिहिलंय? माणूस जाणकार आहे."

"बाई आहेत," मी म्हटलं. "त्याच विणतात."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पांढऱ्या चादरीकडे बघत बसले. क्लासवाल्या सरांच्या शर्टामुळे मी शिकले होते की मागचं काही दिसू देऊ नये. मागचं काय आहे ते नीट निवडावं, हा त्यातला अर्धा धडा माझा राहून गेला होता. तो देवरामांच्या दोडक्याने शिकवला. आता मी प्रत्येक वस्तूचे दोन फोटो घेते. चादरीवरचा मोजणीसाठी, आणि जिथे ती शोभेल तिथला विकण्यासाठी. मोजणी पाच फोनवर. या पद्धतीने त्यानंतर केलेली नऊ कामं चुकलेली नाहीत, हे मी बढाई म्हणून नाही, वहीत बघून लिहिते आहे.

चाळीस दिवे चौघींनी दीड महिन्यात दिले. मागोमाग गंगापूर रस्त्याच्या एका उपाहारगृहाचे बारा गेले, मग घरगुती गिऱ्हाइकांचे एकेक. चौघींची मुलं त्या वर्षी पाड्यावरच्या शाळेत राहिली. पिवळ्या टोपल्यांचंही सांगायला हवं. पुढच्या लग्नसराईत त्यातल्या अठ्ठावन्न गेल्या. म्हणजे मागणी होती, पण मी सांगितली तेवढी नव्हती आणि सांगितली तेव्हा नव्हती. एकीत आमच्याकडे लसूण असतो.

हे सगळं बरं झालं. पण जूनमध्येच मी पाच फोन मागितले असते, तर बुधवार येईपर्यंत दिवे दोन महिने पानावर असते. तिघींना उचल घ्यावी लागली नसती. यात शंकेला जागा नाही.

कार्तिकात यमुनाबाई हिशेबाला आल्या. मी सात हजार पाकिटात घालून ठेवले होते. त्यांनी पाकीट बघितलं आणि बाजूला सरकवलं.

"आमी पैसं शब्दाचं दिलं. शब्द मिळाला. उशिरा का व्हईना, मिळाला. चौघींचं काय नाय."

"आणि तिघींचं?"

चहा पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "वणीच्या रस्त्याला, पान्याच्या टाकीच्या मागची बाग. मी बरोबर येते."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बसने गेलो. तिघी घड विरळायला उभ्या होत्या, हातात छोट्या कात्र्या. जानकीचा मुलगा टाकीच्या सावलीत शाळेची पाटी घेऊन बसला होता. मी काय झालं ते त्यांना सांगितलं, भाचीच्या हळदीसकट. सकरूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजी तुमच्या भाचीच्या लग्नात आमी पन होतो म्हना की," त्या म्हणाल्या. सून हसली. जानकी हसली नाही. तिने मी पुढे केलेल्या नोटा घेतल्या, मोजल्या आणि विचारलं, "दिव्याची वीण अवघड असती का?"

"नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "टोपलीच हाय. उलटी."

माझ्या वहीत त्या कामाची शेवटची नोंद अशी आहे. घेतले सात हजार. परत दिले तीन हजार, रोख, प्रत्येकी एक हजार: सकरूबाई, त्यांची सून, आणि जानकी, जिने मोजून घेतले.